तरफ, सन १९६९

कृष्णात सूर्यवंशीला राग यायला कारण लागत नाही, असं साताऱ्यात त्याच्या आळीतले लोक म्हणायचे. ते खोटं आहे. कारण लागायचं, फक्त ते आळीला कळायचं नाही. माणसं बांधावरून भांडतात, नळाच्या पाण्यावरून भांडतात, निवडणुकीवरून एकमेकांची डोकी फोडतात, ते आपल्याला समजतं. पण १९७१ च्या उन्हाळ्यात हा गडी आठ दिवस घरात कुणाशी धड बोलला नाही, कारण इंग्लंडातल्या कुठल्याशा मासिकानं ‘टॉरस’ नावाच्या विमानाचं साल बासष्टऐवजी चौसष्ट छापलं होतं. विमान तरी केवढं, तर माणसानं दोन्ही हात पसरावेत एवढं. लाकडाचं, पुढं छोटं इंजिन बसवलेलं, आणि जमिनीवर उभ्या माणसानं हातातल्या पेटीतून रेडिओनं फिरवायचं. त्यानं आभाळात कोलांट्या मारायच्या, उलटं उडायचं, परत नीट खाली यायचं. हजारो मैलांवर कुणीतरी ते बनवलं आणि उडवलं. दोन वर्षं इकडं की तिकडं, साताऱ्याचं काय बिघडणार होतं? कृष्णातचं बिघडायचं. त्यानं त्या संपादकाला एअरमेलनं पत्र धाडलं. अशी एकंदर नऊ पत्रं त्यानं निरनिराळ्या संपादकांना धाडली. उत्तर एकाचं आलं, तेही नुसतं आभाराचं.

हा माणूस पंधरा वर्षं हवाई दलात फिटर होता. खऱ्या विमानांचे पंख उतरवायचे, तपासायचे, परत चढवायचे. तिथल्या एका साहेबाला ह्या छोट्या विमानांचा नाद होता. साहेब विमान पाडायचा आणि कृष्णात ते जोडायचा. जोडता जोडता त्याला साहेबापेक्षा जास्त कळायला लागलं, आणि पुढं तर उडवताही जास्त चांगलं यायला लागलं. १९६७ साली पेन्शन घेऊन तो साताऱ्याला आला, एस.टी.च्या वर्कशॉपात पत्र्याच्या कामाला लागला, तेव्हा त्याच्याबरोबर दोन लोखंडी ट्रंका होत्या. एकीत साहेबानं जाताना दिलेला रेडिओचा जुना संच आणि दोन इंजिनं. दुसरीत नुसती मासिकं, विलायती आणि अमेरिकन. शालूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं होतं की एकीत तरी भांडी असतील.

रेडिओचा संच चालवायला सरकारी परवाना लागतो. तो कृष्णातच्या नावावर व्हायला चौदा महिने लागले, आणि ते चौदा महिने घरात कसे गेले ते शालूबाईलाच विचारावं. इंजिन आहे, संच आहे, हात शिवशिवताहेत, आणि उडवता येत नाही. त्या कोंडमाऱ्यातून पट सुरू झाला.

पटाची कल्पना त्यानं हेळव्याकडून उचलली. कृष्णातचं गाव रहिमतपुराजवळ. तिथं दर तीन-चार वर्षांनी, सुगी आटोपली की, जतच्या पलीकडच्या कानडी मुलखातून हेळवी यायचा, बैलावर बसून. अंगणात बसून सूर्यवंश्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं घडाघडा म्हणायचा: मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कुठला कुठल्या गावी गेला. मग नव्यानं जन्मलेल्यांची नावं वहीत चढवायचा, ज्याच्या घरचं त्याच्याच तोंडून ऐकून. आणि एखादं घर बुडालं, मागं कुणी उरलं नाही, तर त्या नावाखाली दोन आडव्या रेघा मारायचा. लहानपणी कृष्णातला त्या दोन रेघांची भीती वाटायची.

त्याला वाटलं, कसरतीच्या ह्या विमानांचीही वंशावळ असणारच. आणि होतीच. पहिली नुसती डावी-उजवी वळायची. मग कुणी कोलांटी मारायची सोय केली. आधी पाठीवर छपरासारखा बसवलेला पंख हळूहळू पोटाखाली आला. पुढं नाकाखाली चाक आलं. साठ साली पहिली जागतिक स्पर्धा झाली ती ‘ओरायन’नं जिंकली, ‘टॉरस’ त्याचा धाकटा भाऊ, एकाच बापाचा. सदुसष्टला ‘क्विक फ्लाय’. कुणी कुणाचा पंख घेतला, कुणी कुणाची शेपटी घेतली, हे सगळं त्या मासिकांत होतं, पण विखुरलेलं, उलटसुलट, आणि सालांच्या बाबतीत बेपर्वा. ते एका रांगेत लावायचं काम जगात दुसरं कुणी करतंय की नाही, हे कृष्णातला ठाऊक नव्हतं. त्यानं खाकी कागद मांजरपाटावर चिकटवले, खळीत मोरचूद घातला म्हणजे झुरळं लागत नाहीत, आणि दोन टोकांना दोन कळक लावून गुंडाळता येईल असा पट केला. त्यावर बारीक रेषांनी एकेक विमान काढायचं, खाली नाव, साल, करणारा, गाव. ज्या विमानाचा एकही नमुना आता शिल्लक नाही असं मासिकात आलं असेल, त्याच्या नावाखाली हेळव्याच्या दोन रेघा. सुरुवातीलाच त्यानं हवाई दलात शिकलेल्या ठाशीव अक्षरात, तांबड्या शाईनं नियम लिहिला: ‘छापील पुराव्याशिवाय नोंद नाही.’

हेळवी माणसाच्या तोंडचं मानायचा, हा छापलेलं मानणार होता. आपण हेळव्याच्या वर ताण केली असं त्याला वाटलं. तिथंच तो चुकला, पण ते त्याला कळायला फार वर्षं गेली.

परवाना आला आणि दुसरी अडचण उभी राहिली. ही विमानं बनतात बाल्सा नावाच्या परदेशी लाकडाची, आणि ते साताऱ्यात कुठून मिळणार? सुतारांनी साग दाखवला, देवदार दाखवला, एकानं तर खोक्याच्या फळ्या दाखवल्या. कृष्णात त्या सुताराशी भांडला आणि तसाच मिरजेला गेला. मिरजेत सतारी करणाऱ्यांची आख्खी गल्ली आहे. लाकडाचं वजन बोटानं ओळखणारी माणसं तिथं नसतील तर कुठं असणार, हा त्याचा हिशोब.

मौलाचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. छताला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि मधे चाळिशीचा मौला एका सतारीच्या भोपळ्यात मान घालून आत टाकानं काहीतरी लिहीत होता. कृष्णात उभा राहिला. मौलानं लिहून संपवलं, फुंकर मारली, मग वर बघितलं.

“आत काय लिवलं?” कृष्णातनं विचारलं.

“कुनी केली, कवा केली, कुनासाठी केली,” मौला म्हणाला. “आता वर तबलीची फळी बसंल. मग ते कुनाला दिसत न्हाई.”

“मग लिवायचं कशाला?”

“बाहेर लिवलं तर जाहिरात हुती. आमच्यात आतच लिवत्यात. तुमाला काय पायजे?”

“हलकं लाकूड पायजे. हलकं, पण पिचणारं न्हाई.”

“समद्यास्नी तसलंच पायजे आसतंय. करायचं काय?”

“इमान.”

मौलानं टाक खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसला. तासाभरानं दोघं पांगाऱ्याच्या ओंडक्यावर टिचक्या मारत बसले होते. पांगाऱ्याची खेळणी करतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या फळ्या कागदासारख्या पातळ काढायच्या, काचेच्या तुकड्यानं तासून तासून त्यांचं वजन उतरवायचं, हे मौलाच जाणे. महिन्यातून दोन रविवार कृष्णात मिरजेला जाऊ लागला. अख्तरबी, मौलाची बायको, त्याला भावजीच म्हणायला लागली.

त्यांचं पहिलं विमान सांगलीजवळच्या कवलापूरच्या धावपट्टीवर उडालं. उडालं ते चांगलं, पण त्याची शेपटी वाकडी होती. पांगारा पुरता वाळला नव्हता, त्यामुळं शेपटीचे दोन्ही पंख सुकताना टोकाला खाली झुकले. कृष्णात ती शेपटी मोडून टाकायला निघाला होता. मौला म्हणाला, “आधी उडवून तर बघ. लाकडानं काय तरी मनात धरूनच केलं आसंल.”

आता कसरतीत एक अवघड काम असतं. विमान कुशीवर घालायचं, एक पंख आभाळाकडं, एक जमिनीकडं, आणि तसंच सरळ रेषेत न्यायचं. भलीभली विमानं तिथं पोटाच्या बाजूला ओढ खातात आणि रेषा मोडते. हे वाकड्या शेपटीचं विमान कुशीवर पडलं आणि दोरी ताणावी तसं धावपट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. त्यानं परत केलं. परत तसंच.

दुसरं विमान मौलानं मुद्दाम तसं बनवलं. शेपटीचा बाक किती, हे त्यानं कागदावर मांडलं नाही. सतारीच्या तारा टेकतात त्या घोडीखाली कागदाचे कपटे घालून बघतात तसे घालत, काढत बघितलं. आतून पोकळ शेपटी केली, हलकी राहावी म्हणून. नाव त्यानंच ठेवलं. सतारीला वरच्या तारांखाली बारीक तारा असतात. त्यांना कुणी छेडत नाही, वरची वाजली की त्या आपोआप वाजतात. त्या तरफा. “तू हितं बटन दाबतुयास आन्‌ ते तिकडं वाजतंय,” मौला म्हणाला. “तरफ म्हन त्याला.” एकोणसत्तरच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तरफ उडाली, आणि कृष्णातनं पंधरा वर्षांत साहेबाची जी विमानं उडवली होती त्यांतलं एकही तिच्या पासंगाला पुरणारं नव्हतं.

सत्तरच्या उन्हाळ्यात मौला आणि अख्तरबी साताऱ्याला पाहुणे आले. मौलानं स्वतः कोंबडी कापली, शालूबाईनं रस्सा चढवला, आणि रस्सा शिजेपर्यंत कृष्णातनं माजघरात पट उलगडला. तेव्हा तो सात हात झाला होता. मौला गुडघ्यावर रांगत रांगत एकेक साल वाचत गेला. एकोणसत्तरपाशी आला. तिथं दोन अमेरिकन विमानं होती आणि एक जर्मन.

“तरफ कुठं हाय?”

“ती न्हाई ह्यात,” कृष्णात म्हणाला. “नियम हाय. छापून आलेलंच घ्यायचं.”

“तू उडीवलीस की. तुझ्या हातानं.”

“उडीवली म्हणून काय झालं? उद्या कुनी बी यील आन्‌ म्हनंल, मी केलं. छापून आण, लिवतो.”

खरी गोष्ट अशी होती की कृष्णातनं तरफचा नकाशा काढून एका अमेरिकन मासिकाला आधीच धाडला होता. तो परत आला होता. हे लाकूड आमच्या वाचकांना मिळत नाही, सबब छापता येत नाही, असं दोन ओळींचं पत्र त्याच्या ट्रंकेत पडलेलं होतं. मौलाला ते दाखवलं असतं, दोघांनी मिळून त्या संपादकाला चार शिव्या घातल्या असत्या, रस्सा खाल्ला असता, विषय मिटला असता. पण दोस्तासाठी पदर पसरला आणि रिकाम्या हातानं परत आलो, ह्याची कृष्णातला लाज वाटली. लाज झाकायला त्यानं नियम पुढं केला. मला विचाराल तर त्या माणसाच्या सगळ्या आयुष्यात राग येण्यासारखी गोष्ट ही एकच, आणि नेमका तिचाच राग यायला त्याला सात वर्षं लागली.

मौला उठला. जेवायला बसला, कारण ताटावरून उठून जाणं त्याच्यात बसत नव्हतं. जेवून हात धुतले, शालूबाईला म्हणाला, “वैनी, रस्सा झ्याक झाला हुता,” आणि कोपऱ्यात ठेवलेली तरफ चादरीत बांधून अख्तरबीला घेऊन निघाला. कृष्णात एस.टी. स्टँडापर्यंत मागनं चालत गेला. गाडी सुटली तसा तो परत फिरला.

त्यानंतर कृष्णात मिरजेला गेला नाही. एक-दोन विमानं त्यानं एकट्यानं केली, ती दगडासारखी पडली. मग उडवणं बंद झालं आणि नुसता पट उरला. पट वाढत गेला: आठ हात, नऊ हात, अकरा हात. चाकं पोटात घेणारी विमानं आली, रेडिओचे नवे संच आले. पुण्याच्या कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडं तो महिन्याला जायचा आणि मासिकांवरून त्याच्याशी हुज्जत घालायचा. वर्कशॉपात, आळीत, घरात त्याचा पारा चढलेलाच असायचा. शालूबाई म्हणायची, “आवं, अमेरिकेचा राग हितं भाकरीवर का काढताय?” भाकरीनं बिचारीनं काही केलेलं नसायचं.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात रद्दीतून एक मासिक आलं, जेमतेम सहा महिन्यांचं जुनं. कृष्णातनं ते ओट्यावर बसून उघडलं. मधल्या पानावर एका नव्या कसरतीच्या विमानाचं मोठं चित्र होतं. शेपटीचे दोन्ही पंख टोकाला खाली झुकलेले. खाली लेख: कुशीवर सरळ जातं, ओढ खात नाही, नवी दिशा, वगैरे वगैरे.

त्यानं मासिक अंगणात भिरकावलं. मग जाऊन उचललं, पुसलं, आणि परत भिरकावलं. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. पण चोरी नव्हती. तिकडच्या माणसाला मिरज कुठं आहे हे स्वप्नातही ठाऊक नव्हतं. त्यानं आपल्या डोक्यानं केलं होतं, जसं मौलानं आपल्या डोक्यानं केलं होतं. फरक एवढाच की त्याचं छापून आलं. आणि आता कृष्णातच्या नियमानं तेच विमान पटावर चढणार होतं, सन १९७६, नव्या शेपटीचा मूळ पुरुष म्हणून.

“मौलाभावजींचं बी आसलंच हुतं न्हवं?” शालूबाईनं मासिक उचलून आणलं आणि चित्राकडं बघत विचारलं.

“व्हय.”

“मग त्यांचं लिवा की आदी.”

“छापलेलं न्हाई.”

शालूबाईनं मासिक त्याच्या मांडीवर टाकलं. “हेळव्यानं तुमचं नाव कशात छापल्यालं बघून लिवलं हुतं वो? सासऱ्यांनी सांगितलं, त्यानं लिवलं. म्हनून तुमी हाय. न्हाई तर तुमी बी न्हाई.”

कृष्णात दिवसभर पटापुढं बसून राहिला. संध्याकाळी त्यानं एकोणसत्तर सालातलं जर्मन विमान खरडून काढलं, अर्धी वीत वर सरकवलं, आणि तिथं एका विमानापुरती मोकळी जागा केली. नाव मात्र लिहिलं नाही. तांबड्या शाईतल्या नियमाकडं बघून हात अडत होता.

त्याच सुमारास सांगलीहून लालासाहेब आले. इंजिनं बनवण्याचा त्यांचा कारखाना होता, आणि डिसेंबरात एका कॉलेजच्या हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन भरवायचं त्यांच्या मनात होतं. कृष्णातच्या पटाची कीर्ती त्यांच्या कानावर आली होती. अकरा हातांचा पट बघून ते खरोखर हरखले, ते काही वाईट गृहस्थ नव्हते. मग मोकळ्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं. कृष्णातनं सगळं सांगितलं.

“फारच सुंदर,” लालासाहेब म्हणाले. “पण पुरावा काय?”

“मी उडवलं हाय साहेब.”

“ते खरं हो. पण पुण्याहून हवाई दलातले निवृत्त अधिकारी येणार आहेत. जगाच्या आधी सात वर्षं मिरजेच्या सतारवाल्यानं हे केलं, असं आपण भिंतीवर लावायचं, आणि कुणी विचारलं की हात हलवायचे? हसं होईल. आणि नियम तर तुम्हीच लिहून ठेवलाय.” त्यांनी तांबडी ओळ मोठ्यानं वाचली. “उत्तम नियम आहे. मला तो फार आवडला.”

कृष्णातला त्यांचं नरडं धरावंसं वाटलं. गंमत म्हणजे त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. सात वर्षांपूर्वी हेच सगळं तो स्वतः बोलला होता, आणि याहून कमी गोड आवाजात.

पुढच्या रविवारी तो मिरजेला गेला. गल्ली तीच, भुसा तोच. मौलाची दाढी पांढरी झाली होती. छताला भोपळ्यांच्या रांगेत तरफ टांगलेली होती, धूळ पुसून ठेवलेली. अख्तरबीनं “या भावजी” म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेली. मौला काचेनं लाकूड तासत राहिला.

कृष्णातनं मासिक त्याच्यापुढं उघडून ठेवलं. मौलानं चित्र बघितलं. शेपटीवरनं बोट फिरवलं.

“झ्याक केलंय,” तो म्हणाला. “बाक जरा जास्ती हाय.”

“तुझी नोंद करतोय मी. त्याच्या आदी. मोकळी जागा ठिवलीया.”

“का रं? आता ह्यांनी छापलं म्हनून माझं खरं झालं व्हय?”

तेव्हा तरी कृष्णातनं गप्प बसायचं होतं. पण पंधरा वर्षं पंख तपासलेला फिटर तो. त्याची नजर वर गेली, तरफच्या पोकळ शेपटीवर, आणि डोक्यात आलं ते तोंडातून निघून गेलं. “मौला, तू शेपटीच्या आत तारीख लिवली आसशील न्हवं? तुमच्यात लिवत्यात. एक बारकं भोक पाडलं, आन्‌ बॅटरी मारून बघितलं, तर सांगलीच्या परदर्शनातल्या लोकांस्नी दाखवाय...”

मौलानं काच खाली ठेवली. आतून अख्तरबीच्या कपबश्यांचा आवाज येत होता.

“सात वरसांनी आलास,” मौला म्हणाला, “आन्‌ भोक पाडाय आलास.”

“तसं न्हाई गड्या, ती मानसं...”

“मानसांचं सांगू नगंस. कवा हाय ते परदर्शन?”

“पंचवीस तारखेला.”

“येतो मी. च्या पी आन्‌ जा.”

पंचवीस डिसेंबरला सांगलीच्या त्या हॉलमध्ये बरीच गर्दी होती. कुणी पोस्टाची तिकिटं मांडली होती, कुणी काड्यापेट्यांचा किल्ला केला होता. लांब भिंतीवर कृष्णातचा पट, आणि त्याच्यापुढं पुण्याचे दोन पाहुणे हात मागं बांधून उभे. त्यांतला एक म्हातारा पंजाबी साहेब सारखा मान हलवत होता. एवढं काम त्यानं कुठंच पाहिलं नाही म्हणाला. कृष्णात शेजारी इस्त्रीच्या शर्टात उभा होता. सबंध आयुष्यात ज्या एका दिवशी त्याला राग यायला नको होता, तो हा दिवस.

मौला आला तो मिरजेच्या बसनं, टोपी घालून, चादरीत बांधलेली तरफ छातीशी धरून. लोकांनी वाट दिली. त्यानं चादर सोडली. आठ वर्षांचा पांगारा मधासारखा पिवळा झाला होता. पंजाबी साहेब वाकून शेपटीकडं बघायला लागला, मग पटावरच्या शहात्तरच्या चित्राकडं, मग परत शेपटीकडं.

मौलानं पटावरची तांबडी ओळ सावकाश वाचली. मोकळी जागाही बघितली. मग कृष्णातकडं वळला.

“किस्नात, हे इमान मी एकोनसत्तर साली केलं. माझ्या तोंडानं सांगतोय. चालतंय का तुला? एवढंच सांग.”

चालतंय, हेच कृष्णातला म्हणायचं होतं. घरून निघतानाच त्यानं ठरवलं होतं, शालूबाईला तसं सांगितलंही होतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारून लालासाहेब हळूच म्हणाले, “सूर्यवंशी, नियम तुमचाच आहे हां,” आणि कृष्णातची नजर त्या तांबड्या ओळीकडं गेली. क्षणभरच गेली. पण मौला तेवढीच बघत होता.

त्यानं तरफची शेपटी गुडघ्यावर घेतली आणि मोडली.

पांगारा मोडताना फारसा आवाज होत नाही. हॉलच्या त्या टोकाला तर कुणाला कळलंही नाही. मौलानं शेपटीची खपली बोटांनी सोलली, आतली बाजू वर केली आणि टेबलावर ठेवली. आत काळ्या शाईनं उर्दूत तीन ओळी होत्या. मौलानं त्या वाचून दाखवल्या नाहीत. पंजाबी साहेबानं खिशातून चष्मा काढला, वाकून बघितलं, आणि मोठ्यानं वाचलं.

“मौला, मिरज. चौदा सितंबर, उनहत्तर.” मग तो थांबला आणि तिसरी ओळ त्यानं जरा हळू वाचली. “दोस्त किसनात के वास्ते.”

कुणी केलं, कधी केलं, कुणासाठी केलं. सतारवाले आत तीन गोष्टी लिहितात, हे कृष्णातला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याला आठवली होती ती फक्त मधली.

“व्वा,” लालासाहेब म्हणाले. “म्हणजे पुरावा मिळाला की. एकदम पक्का.” त्यांनी टाळ्या वाजवल्या, तशा मागच्या लोकांनीही वाजवल्या. काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. काहीतरी चांगलं झालं असणार म्हणून वाजवल्या.

“टाळ्या बंद करा,” कृष्णात म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी टाळ्या बंद झाल्या.

मौलानं चादर झटकली, घडी घातली आणि काखेत मारली. “घे,” तो कृष्णातला म्हणाला. “आता लिव.” आणि आला होता तसा गर्दीतून बाहेर पडला. कृष्णातनं दोनदा हाक मारली. मौलानं मागं बघितलं नाही, आणि बघावं असं काही मागं उरलंही नव्हतं.

लालासाहेबांनी स्वतः दौत-टाक आणून दिला. सगळे बघत होते. कृष्णात पटापुढं उभा राहिला आणि ज्या मोकळ्या जागेवरून सहा महिने त्याची झोप उडाली होती, तिथं त्यानं ठाशीव अक्षरात लिहिलं: तरफ. सन १९६९. करणार मौला, मिरज. लाकूड पांगारा. शेपटीचा बाक मोडक्या तुकड्यावरून बघून चित्र काढलं, ते चांगलं आलं. हात जराही कापला नाही, ह्याचाही त्याला राग आला.

मग टाक परत शाईत बुडवून त्यानं नावाखाली दोन आडव्या रेघा मारल्या.

“ह्या कसल्या?” लालासाहेबांनी विचारलं.

“घर बुडालं की मारत्यात,” कृष्णात म्हणाला, आणि दौतीचं झाकण लावलं.